माईची झडप

सर्जनच्या खोलीचं दार लागतंय न लागतंय तोच दादा कडाडला, "पण याला विचारलं कोणी होतं?"

"हळू," ताई म्हणाली. "हॉस्पिटल आहे हे, आपला गोठा नाही."

"गोठ्यात मी हळूच बोलतो. तिथं ऐकणारे शहाणे असतात."

समोरून औषधांची गाडी ढकलत येणाऱ्या नर्सनं मान वर करून पाहिलं, तसा दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. माईचा हा थोरला. दुधाच्या गाड्या तो बघायचा. ज्या दिवशी दादाचा आवाज ऐकू येत नाही त्या दिवशी घरातले त्याला ताप आलाय का ते बघायचे.

झालं होतं असं. माईच्या हृदयाची एक झडप कडक होऊन बसली होती. ती बदलली नाही तर माई येता हिवाळा काढणार नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. सर्जनच्या टेबलावर नमुन्याची झडप होती, काळीभोर, चकचकीत, धातूची. शेजारी आणखी एक डबी होती. ही मंडळी आत शिरताच त्यानं ती पटकन खणात सरकवली. दादाच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. ती काय आहे म्हणून त्यानं विचारलंच. सर्जन ओशाळून हसला, छातीशी हात जोडले आणि म्हणाला, ती तुमच्यासाठी नाही, ती गाईची आहे. गाईच्या हृदयाभोवती पातळ पडदा असतो, त्यापासून शिवलेली. तुम्ही हिंदू, तुमच्यात गाय म्हणजे देव, मला त्याचा आदर आहे, म्हणून तो पर्याय मी आधीच बाजूला ठेवला.

मग दादानं खोदून खोदून विचारलं आणि खरी गोम बाहेर आली. धातूची झडप बसवली तर रक्त पातळ ठेवायचं औषध मरेपर्यंत घ्यायचं. ते घेणाऱ्या माणसाला साधा मुका मार लागला तरी आतल्या आत रक्त वाहत राहतं. म्हणजे गाईची लाथ नको, शिंगाचा धक्का नको. म्हणजे गोठाच नको. गाईची झडप बसवली तर हे औषध कायमचं मागे लागणार नाही आणि काही महिन्यांनी माई खुशाल गाईंच्या मध्ये बसेल. "माझी आई असती आणि तिचा गोठा असता," सर्जन म्हणाला होता, "तर मी गाईचीच बसवली असती."

"आणि तीच लपवून ठेवली!" दादाला ते राहून राहून आठवत होतं. "आदर म्हणे."

"त्यानं बरोबर केलं," अध्यक्ष म्हणाले.

अध्यक्ष म्हणजे दादाचा धाकटा भाऊ. या परमुलखातल्या आपल्या लोकांच्या मंडळाचा तो अध्यक्ष झाला, तेव्हापासून घरातलेही त्याला तसंच म्हणायचे. आधी चेष्टेनं, आता सवयीनं. "धातूची बसवायची, विषय संपला. पायपुसण्यावर गाईचं चित्र छापलं म्हणून मी त्या दुकानापुढे दिवसभर उन्हात उभा होतो. पेपरात फोटो आला माझा. आणि आता माझ्याच आईच्या छातीत? उद्या कोणाला कळलं तर?"

"कोणाला कळणार आहे? पेपरवाले माईला आतून बघणार आहेत का?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे, दादा."

"तत्त्व तुझं. छाती तिची."

या वादात ताई अजून पडली नव्हती. ती दोघांच्या मधली. लहानपणापासून दोघांची भांडणं तिच्या डोक्यावरून इकडून तिकडे जायची, त्यामुळे ती नेहमी उशिरा बोलायची आणि नेमकं बोलायची. "मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "माईला गोठा बंद झाला तर पहाटे धारा कोण काढणार? तांबडीच्या सडांना माई यंत्र लावू देत नाही. दादा तर तेव्हा गाडीवर असतो."

दादा, ताई आणि मागे उभी असलेली धाकटी सून, तिघांनीही अध्यक्षांकडे बघितलं. माईपाशी राहायचे तेच. अध्यक्षांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत लावला.

"तसं बघितलं तर," ते म्हणाले, "धर्मात अडचणीच्या वेळची सोय आहे."

ताईला हसू फुटलं. दादासुद्धा हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "गोठा सुटला तर ती जगायची नाही रे. झडप चालेल, माई नाही चालणार. तिला सांगूच नका ना गाईचं. मऊ झडप म्हणा, नव्या पद्धतीची म्हणा. मला पाप लागलं तर लागू दे."

आणि मग सगळे वळले ते धाकट्या सुनेकडे.

अध्यक्षांची बायको शाळेत शिकवायची, इथलीच वाढलेली. माईला इथली भाषा बाजारापुरती यायची, तीही मोडकीतोडकी. त्यामुळे डॉक्टर बोलायचे आणि सून माईला समजावून सांगायची, असं पहिल्या दिवसापासून ठरून गेलं होतं.

"मला नका ओढू यात," ती म्हणाली.

"ओढत नाही गं," दादा म्हणाला. "एक शब्द गाळायचाय फक्त."

एक शब्द गाळायचा. धाकटीला ते नवीन नव्हतं, आणि तेच तिला बोचलं. शाळेत मधल्या सुट्टीत कोणीतरी हटकून विचारायचं, तुझ्या सासूबाई खरंच गाईच्या पाया पडतात? डोळ्यांत तेच ते हसू दाबलेलं. आणि ती दर वेळी म्हणायची, छे हो, आमची दुधाची डेअरी आहे, एवढंच. पहाटे चूल पेटल्यावर पहिली पोळी तव्यावरून थेट गोठ्यात जाते, ती घेऊन बऱ्याचदा आपणच जातो, हे तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. लाज वाटते याचीही लाज वाटायची.

"बरं," ती म्हणाली. "सांगते मी."

* * *

माई उशीला टेकून बसली होती. दोन वाक्यांत धाप लागत होती, पण म्हणून काही ती बोलायची थांबत नव्हती.

"तांबडीनं आंबोण खाल्लं का?"

"खाल्लं," अध्यक्ष म्हणाले.

"खोटं बोलू नकोस. मी नसताना ती आंबोणात तोंड घालत नाही."

"मग कशाला विचारतेस?"

"तू काय सांगतोस ते बघायला."

तेवढ्यात सर्जन आला. पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसला, उभ्यानं बोलला नाही. ती गोष्ट माईला आवडली. तो बराच वेळ बोलला. हातांनी दाखवलं, छातीवर बोट ठेवलं, दोनदा दादाकडे बघितलं. मग तो थांबला आणि सगळ्यांच्या नजरा धाकटीकडे गेल्या.

"डॉक्टर म्हणतायत," धाकटी म्हणाली, "दोन प्रकारच्या झडपा असतात. एक धातूची. दुसरी मऊ, नव्या पद्धतीची. दादांना वाटतं, मऊ बसवावी. औषधं कमी लागतात."

माईनं तिच्याकडे बघितलं. मग सर्जनकडे, मग परत तिच्याकडे.

"तो एवढा वेळ बोलला आणि तुझं एवढ्यात आटपलं?"

"बाकीचं सगळं डॉक्टरी भाषेतलं होतं, माई."

"असं होय. मग त्यात गाय कुठून आली?"

दादानं कपाळाला हात लावला.

इतक्या शहाण्या माणसांना एवढी साधी गोष्ट कशी सुचली नाही, देव जाणे. माईला इथल्या भाषेत तापाला काय म्हणतात ते येत नव्हतं, शेजारणीला काय म्हणतात तेही येत नव्हतं. पण गाय? या गावात आली तेव्हा पहिला शब्द ती तोच शिकली होती. डोक्यावर बरणी घेऊन दारोदार दूध घालायची, आणि मागून पोरं हंबरत यायची. गायवाली, गायवाली! त्यातला गाय कुठला आणि वाली कुठला हेसुद्धा तिला तेव्हा कळत नव्हतं. कळलं त्या दिवशी ती घरी येऊन रडली. दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याकडून तोच शब्द इथल्या लिपीत रंगवून घेतला आणि फळी गोठ्याच्या दारावर ठोकली. पोरं हंबरायची थांबली. त्यांच्या आया दूध घ्यायला येऊ लागल्या. ती फळी अजून तिथंच होती. दादा दर वर्षी तिला नवा रंग द्यायचा. आणि तोच दादा आता म्हणत होता, एक शब्द गाळायचाय फक्त.

"गाईची आहे ना ती झडप?" माईनं विचारलं.

अध्यक्ष खिडकीबाहेर बघू लागले. ताईनं मान खाली घातली. दादा पुढे झाला आणि पलंगाची दांडी धरून त्यानं सगळं सांगून टाकलं. धातू, औषध, लाथ, गोठा, काही ठेवलं नाही. "मीच म्हणालो, सांगू नका. मला बोल काय बोलायचं ते."

"आणि या डॉक्टरनं काय केलं?"

"त्यानं ती आधी खणातच टाकली होती. आपण हिंदू म्हणून. आदर म्हणून."

"वा!" माई म्हणाली. धाप लागली म्हणून थांबली, पण डोळे थांबले नाहीत. "म्हणजे त्यानं न विचारता नाही म्हटलं, तुम्ही न विचारता हो म्हटलं. आणि मी काय दावणीला बांधलेली होते?"

सर्जननं धाकटीला हळूच विचारलं, काय चाललंय? धाकटीनं एकदा दादाकडे बघितलं. मग तिनं खुर्ची पलंगाला लावली, माई आणि सर्जन दोघं दिसतील अशी बसली, आणि सगळं सांगितलं. आपण शब्द गाळला तेही सांगितलं. तिचे कान लाल झाले होते.

"आता एक अक्षर सोडू नकोस," माई तिला म्हणाली. "त्याचं नाही आणि माझंही नाही. शिवी दिली तरी सांग."

सर्जननं हात मांडीवर ठेवले. माझं चुकलं, तो म्हणाला. विचारायला हवं होतं. पण खरं सांगू? मला नियमच कळत नाही. तुमच्यातल्या एकानं ही झडप आनंदानं बसवून घेतली, दुसरा ऐकूनच उठून गेला. आणि तुम्ही तर जन्मभर गाईचं दूध काढून विकलंत. वासराच्या तोंडचं घेतलंत. मग दूध चालतं आणि हे चालत नाही, ते का? मी हिणवत नाही, मला खरंच समजून घ्यायचंय.

धाकटीनं शब्दन् शब्द सांगितला. अध्यक्षांना ते सहन झालं नाही. "हे बघा डॉक्टर, आमच्या शास्त्रात—"

"तू गप रे. शास्त्र तुला, धारा मला," माई म्हणाली. तिनं सर्जनकडे बोट केलं. "चांगलं विचारलंस बाबा. माझ्या पोटच्या पोरांनी एवढं विचारलं नाही. नियम नाहीच. त्या आनंदानं बसवून घेणाऱ्याला मी नाव ठेवणार नाही, त्याचं त्याच्यापाशी. माझं सांगते. तू कधी धार काढलीस?"

नाही, सर्जन म्हणाला.

"मग ऐक. गाईला वाटलं तरच ती पान्हा सोडते. नाही वाटलं तर दूध वर चढवून घेते. चोरते. तू कितीही ओढ, बोटं दुखतील, थेंब यायचा नाही. हिच्या सासऱ्यानं एकदा तांबडीच्या आईला काठी मारली. पुढे कितीतरी दिवस त्याला तिनं बरणीचा तळ भिजवू दिला नाही. म्हणजे तिला नाही म्हणता येतं. येतं की नाही? वासराच्या तोंडचं घेतो म्हणालास, घेतोच. ते काही मी नाकारत नाही. म्हणून तर आटली तरी दावणीवरून हलवत नाही, मरेपर्यंत वैरण घालते. लोक हसतात, भाकड जनावरं पोसते म्हणतात. हसू देत. पण तिच्या काळजाभोवतीचा पडदा काढला तेव्हा तिला नाही म्हणता आलं होतं का? ते सांग मला."

धाकटीनं सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढला होता आणि ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

नाही, सर्जन म्हणाला. नव्हतं आलं. पण ती गाय आधीच मेलेली होती, खाण्यासाठी. तुम्ही नको म्हणून ती परत येणार नाही.

"ती नाही येणार. मला मात्र तिच्या भावंडांत जाऊन बसायचं असतं."

"पण बसताच येणार नाही ना!" दादा ओरडला. "तेच तर सांगतोय मी! धातूची घेतलीस तर बसता येणार नाही! आणि माई, तू आजवर ज्या कॅप्सूल गिळल्यास त्यांचं कवच कशापासून करतात, विचार ताईला. औषधाच्या दुकानात काम करते ती."

ताईनं नाइलाजानं मान डोलावली. बरीचशी कवचं गुरांच्या हाडाकातड्यापासूनच करतात.

माईला हे माहीत नव्हतं. "न कळत गिळलं ते पोटातून गेलं," ती म्हणाली. "कळून घेतलेलं छातीत राहील."

"मी गाईच्याच दुधावर वाढलो," दादा म्हणाला. "तुला दूध आलं नव्हतं तेव्हा. तू सांगतेस ना सगळ्यांना? मग मला तिनं जगवलं आणि तुला जगवलं तर तुला एवढं काय वाईट वाटतं?"

"तुला तिनं दिलं, राजा. मी वाटी धरून उभी होते आणि तिनं सोडलं."

दादानं पलंगाच्या दांडीवर डोकं टेकवलं, आणि एवढा मोठा, गाड्या हाकणारा माणूस लहान पोरासारखा रडला. माईनं त्याच्या केसांत हात घातला. तिला भीती वाटत होती. छाती कापायची भीती होतीच, पण त्याहून मोठी होती ती पहाटेची. पहाटे जाग येईल, पलीकडे गाई उठून शेपट्या झाडायला लागतील, आणि आपण खाटेवर पडून राहायचं. तो वास नाही, ती ऊब नाही. तिचा धीर सुटत चालला होता. एकदा तिला वाटलं, म्हणावं हो. कोणाला कळणार आहे?

तिचं तिला कळणार होतं. आणि तांबडीकडे बघताना ते लपवता आलं नसतं.

"धातूची बसव," ती सर्जनला म्हणाली.

सर्जननं परत एकदा सगळं सांगितलं, औषध, तपासण्या, धोका, गोठा बंद. धाकटीनं परत एकदा शब्दन् शब्द सांगितला.

"ऐकलं म्हणावं," माई म्हणाली.

"मान्य आहे का, असं विचारतायत ते," धाकटी म्हणाली.

"ऐकलं म्हणावं."

* * *

पान्हा चोरणं म्हणजे काय ते अध्यक्षांना माई घरी आल्यावर रोज पहाटे कळत होतं.

त्यांनी तांबडीला गूळ दिला, पाठ खाजवली, मंडळाच्या सभेत बोलतात तसं समजुतीच्या सुरात बोलूनही बघितलं. तांबडी रवंथ करत उभी राहायची आणि बादलीत चार शिंतोडे पडायचे. बाकीच्यांना यंत्र होतं, तिला मात्र हात लागायचा, आणि तोही ठरलेला हात. कास तटतटून कडक व्हायला लागली होती. हे असंच चाललं तर ती पिकणार, हे धाकटीलाही कळत होतं.

माई गोठ्याच्या फाटकाबाहेर खुर्चीवर बसलेली असायची. जखम भरून आली होती, धाप गेली होती. आणि नवी झडप वाजत होती. शांतता असली की शेजारच्या माणसालाही ऐकू यायची, टिक, टिक, टिक. शाळेतल्या बाई धाकटीला भेटायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, घड्याळ कुठं आहे? धाकटी म्हणाली, "सासूबाईंच्या छातीत आहे. आम्ही गाईला मानतो, म्हणून त्यांनी गाईची झडप घेतली नाही." आणि चहा ओतत राहिली. बाईंच्या डोळ्यांत ते जुनं हसू यायला लागलं होतं. धाकटी त्यांच्याकडे सरळ बघत राहिली, तसं ते अर्ध्यावरच राहिलं.

त्या पहाटे अध्यक्षांनी बादली आपटली. "घे, माझ्याच्यानं होत नाही! नाही म्हणते ती, सरळ नाही म्हणते!"

"म्हणणारच," बाहेरून माई म्हणाली.

फाटकाची कडी वाजली. अध्यक्ष गर्रकन वळले. माई आत आली होती. तांबडीच्या तोंडापुढे ती हातभर अंतरावर थांबली आणि उभी राहिली. हात लावला नाही, हाक मारली नाही. गोठ्यात टिक, टिक ऐकू येऊ लागलं. तांबडीनं रवंथ थांबवला. एक कान वळवला, मग दुसरा. मान लांब करून तिनं माईच्या छातीचा वास घेतला, बराच वेळ घेतला, आणि पदराला नाक घासलं.

"लोखंड आहे गं," माई म्हणाली. "तुझं काही घेतलं नाही."

मग ती कुशीला जाऊन उकिडवी बसली. धाकटीनं धावत येऊन तांबडीचा मागचा पाय दोरीनं बांधायला घेतला, पण माईनं तिचा हात धरला. "राहू दे. तिला नाही म्हणता आलं पाहिजे."

बादलीच्या तळावर पहिली धार वाजली.

दादा नेमका तेव्हाच गाडी घेऊन दारात आला होता. गोठ्यात बघितलं आणि जागेवरूनच ओरडला, सगळी आळी जागी होईल असा. "माई! डॉक्टरनं सांगितलंय ना! कोणाला विचारून आत गेलीस?"

माईनं मान वळवली नाही. तिचे दोन्ही हात कामात होते.

"हिला," ती म्हणाली.